वीण

स्लाइड आधी नुसत्या डोळ्यांनी बघायची,
खिडकीकडे धरून.
हे हब्बू सरांनी शिकवलं, सिव्हिलमध्ये, एकोणनव्वद साली.
त्यांच्याआधी नानांनी:
पूर्व भागातल्या आमच्या दारात
मागावरून उतरलेली चादर उन्हात धरून
तुटका धागा शोधायचे.

सर म्हणाले, टिश्यूला मराठीत ऊती म्हणतात,
म्हणजे विणलेलं.
मी काही बोलले नाही.

मग मेणाचे ठोकळे, तीन मायक्रॉनचे काप,
नखांच्या कडेला इओसिनचा गुलाबी,
नानांच्या नखांत असायचा तसाच,
जेवतानाही न जाणारा.

एकदा जिभेच्या कडेला ‘सौम्य’ लिहिलं.
सात महिन्यांनी तेच नाव परत आलं,
जीभ अर्धी.
ती स्लाइड माझ्या खणात आहे.
नवीन मुलं आली की त्यांच्यापुढे ठेवते,
कोणाची चूक ते सांगत नाही.

आज नरसव्वा येमूल, बावन्न, विडी कामगार,
डाव्या गालाचा तुकडा.
तळपडदा ठिकठिकाणी फाटलेला.
पुन्हा एकदा खिडकीपाशी जाते,
उगाच.

नाना धागा सापडला की
गाठ मारायचे.
मी सही करते.