हातचा दहा टक्के

मोरकॅमला नोव्हेंबरात
समुद्राकडच्या खोल्या अर्ध्या भाड्यात मिळतात,
म्हणून गोष्टीतला उन्हाळा
मी नोव्हेंबरात ढकलला.
हेस्टर दोन दिवस बोलली नाही.

मग लग्नातली चाळीस माणसं नऊ केली,
बँड शेजारच्या खोलीत नुसता ऐकू येऊ दिला,
रात्रीचे तीन सीन
पडदे ओढून दुपारीच उरकले.

राहिलं बुडणं.
बापानं भरतीत चालत जायचं,
कंबर, छाती, मग काहीच नाही.
विमावाला फोनवर विचारतो,
पाणी घोट्यापर्यंत की वर?
वरचा दर वेगळा.
दोन पाणबुडे, एक बोट, एक नर्स.
मी आकडा लिहिला
आणि हेस्टरकडे न बघता बाप खोडला.

वाळूवर फक्त बूट ठेवायचे ठरले.
कॉल्मचा जोड एकच, उद्या लागणार.
माझे ठेवले. लांबून कुणाला कळतंय.

भरती ठरल्यापेक्षा लवकर आली.
हेस्टर कट म्हणेना.
कुणी हललं नाही, मीसुद्धा.

रात्री वहीत लिहिलं:
बूट, डावा, एक.
हातच्यातून वजा.

दारातून हेस्टर म्हणाली,
उजवा जपून ठेव,
रीटेक लागला तर.