कठडा

ग्रिम्सबीच्या इस्पितळात माझं काम कात्रीचं.
तिसऱ्या मजल्यावर बसते. खिडकीतून
ओस पडलेली मासळीची गोदी दिसते, आणि पडद्यावर
यंदा वाचवायचे सहा लाख पौंड.
त्यासाठी लीड्सहून सल्लागार आणला, साठ हजारांना.
सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
सोनार म्हणाला : दुपारचा चहा बंद करा,
रात्रपाळीची एक नर्स कमी करा.
चहा त्याने आमचाच घेतला. दोनदा.

मी मिरजेची. आई तिथे कंपाउंडर होती.
काचेच्या सिरिंजा उकळायची,
पुड्यांचे कागद कापून उरलेल्या पट्ट्यांवर
दूधवाल्याचा हिशेब लिहायची.
पण औषध तोलताना तिच्या हाताने
कधी गुंजभरही मागे ठेवलं नाही.
काटकसर कुठे संपते
ते मला त्या तराजूच्या काट्यावरून ठाऊक.

म्हणून सल्लागार गेल्यावर वही घेऊन
जिना उतरले, वॉर्ड सातमध्ये गेले.
सिस्टर ओमोलाराने खुर्ची दिली नाही.
"मोजायचं तर उभ्याने मोज, आम्ही उभ्याच असतो."

मोजलं.
गोळी गिळता येत असूनही
शिरेतून चाललेलं पॅरासिटामॉल, नऊ जणांना.
पहाटे काढलेलं रक्त, काल काढलं होतं एवढ्याचसाठी.
हातमोजे घालून उघडलेली खिडकी.
ओमोलाराने यादी वाचली आणि परत दिली.
"हे मी चार वर्षं सांगतेय.
मला साठ हजार कुणी दिले नाहीत."

आणि पलंग अकरा.
डेनिस सोवर्बी, वय एक्क्याऐंशी,
जन्मभर गोदीवर बर्फ फोडलेला माणूस.
खुब्याचं हाड जुळलेलं, काठी घेऊन चालते झालेले,
कोट घालून बसलेले. सतरा दिवस.
का? तर घरच्या जिन्याला कठडा नाही.
कठडा कौन्सिल लावणार.
कौन्सिलचा फॉर्म आमच्याकडे, आमचा फॉर्म कौन्सिलकडे,
आणि दोन्ही फॉर्म एकमेकांना
"आधी आपण, आधी आपण" म्हणत दारात उभे.
पलंगाचा दिवस चारशे पौंडांना.
कठडा अठ्ठेचाळीस, स्क्रूसकट.

त्यांनी मला विचारलं, "पोरी, घरी सोडणारी तूच का?"
म्हटलं, नाही, मी हिशेबाची.
"मग तर तूच."

शनिवारी डागडुजी खात्यातला क्लाइव्ह
स्वतःच्या गाडीतून ड्रिल घेऊन आला.
मी लाकूड धरलं.
परवानगी सोमवारी मागितली.
वार्निशचा वास अजून गेला नव्हता.
सोवर्बींनी कठड्यावर हात ठेवला,
ओळख नसलेल्या बोटीवर ठेवावा तसा, जरा अविश्वासाने,
आणि चौदा पायऱ्या चढले.
मध्ये एकदाच थांबले,
आम्हाला मागून येऊ नका म्हणून सांगायला.

आता वर्षअखेर. बचतीच्या तक्त्यात
गोळ्या बसल्या, रक्ताच्या नळ्या बसल्या,
हातमोज्यांची खोकी सुद्धा बसली.
चहा चालू आहे. रात्रपाळीची नर्स आहे.
कठडा बसत नाही.
कारण पलंग अकरा त्याच संध्याकाळी भरला :
अपघात विभागाच्या बोळात चाकाच्या खाटेवर
नऊ तास काढलेल्या एका बाईने.
पलंग रिकामा नाही, म्हणजे बचत नाही,
असं पडदा म्हणतो.
त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे.

सहा लाख झाले नाहीत. दोन लाख दहा हजार झाले.
वरून विचारणा आली,
हे अठ्ठेचाळीस पौंड कशाचे?
लाकूड, मी लिहिलं.
शेजारचा रकाना
तसाच ठेवला.