गुरुवार, दुपारी दोन

टोलेडोच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
लिफ्टला लागूनची खोली मागून घेतलीय आम्ही.
सात खुर्च्या. कॉफीची चव कुणालाच कळत नाही,
तरी ऑर्व्हिल ती करतोच.

बाई म्हणतात, दमायच्या आधी थांबा.
आम्हाला नेमकं उलट शिकवलं होतं,
ओरडून, चिखलात, पहाटे चारला.

टॅकेट सांगतो:
अठरा वर्षं नाकात जळक्या डिझेलचा वास,
फलुजाचा.
गोळ्या, डॉक्टर, दारू, काही केल्या जाईना.
आता गेला.
जाताना बायकोच्या केसांचाही घेऊन गेला.
हसावं की काय, त्याला कळत नाही.
आम्हालाही.

मग रेनाटा.
हेलिकॉप्टरचं इंजिन उघडून पुन्हा जोडायची,
अंधारात, चाचपत.
"काल गॅरेजात मी तो... ते... ज्यानं नट..."
हात हवेत फिरतो, गोल, पुन्हा गोल.

पाना.
सगळ्यांना ठाऊक आहे.
कुणी बोलत नाही.
खाली बर्फात आमच्या गाड्या
एकेक करून पांढऱ्या होतायत,
ऑर्व्हिलच्या हातातला कप तसाच अर्ध्यावर,
आणि सातही जणांनी श्वास रोखून धरलाय,
जे आम्हाला सक्त मना आहे.