हजेरी

दीक्षेनंतरचा पहिला रविवार.
तबीथाबाई गावित मेजाशी उभ्या,
आणि मंडळीचे पंच बाहेर, चिंचेखाली,
पायांतल्या चपला तशाच.
बाईच्या हातून प्रभुभोजन?

बाईंनी घंटा वाजवली नाही.
पिशवीतून हजेरीपत्रक काढलं,
चौथी ब, सन एकोणसत्तर, नवापूर,
आणि दारात उभं राहून वाचू लागल्या:
वसावे दाविद जेमा.
वळवी शमुवेल रूपजी.

मिशा पिकलेला शमुवेल
टाचा जुळवून ताठ.
"हजर, बाई."

मग एकेक चप्पल निघाली.
दाविद मात्र तसाच घरी गेला.

मी सात वर्षांची, मला भाकर नव्हती.
बाईंनी नुसता डोक्यावर हात ठेवला.
रंगावली ओलांडून घरी आलो
तरी केसांत खडू.
आईनं झटकायला हात उचलला,
मग राहू दिला.