पुठ्ठा

रात्री गाडी लावली की मी खाली पुठ्ठा सरकवतो,
कूलरच्या खोक्याचा, घडीवर फाटलेला.
सकाळी चहाच्या आधी वाकून बघतो.
काल नऊ थेंब होते, आज तेरा
आणि एक डाग बशीएवढा.

सत्त्याण्णवचं मॉडेल. कामठी रोडवर
हिला आता सगळे नावानं ओळखतात,
म्हणजे नावं ठेवूनच.
"शिंदीच्या झाडावानी टपकते बे तुही गाडी,"
वजनकाट्यावरचा जागोबा म्हणाला.

दोन वर्षांत काय काय बदललं:
टॅपेट कव्हरचं पॅकिंग. चेंबरचं पॅकिंग.
पुढचं सील. मागचं सील,
त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला, तीन दिवस,
कोळशाचं भाडं बुडालं.
मागचं सील पुन्हा.
सील विकणाऱ्याला भर गिऱ्हाइकांत
चोर म्हणालो.
तो काही बोलला नाही. पावतीवर
शिक्का मारून दिला.

गुलाब निनावे मिस्त्री ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे बसतो,
कडुलिंबाखाली, सेहेचाळीस डिग्रीत
कानाला दुपट्टा, खिशात कांदा.
त्यानं पाना उचललाच नाही.
"आधी आंघोळ," म्हणाला.
अंकुशनं डिझेलनं इंजिन घासलं, पुसलं, वाळू दिलं.
मग मिस्त्रीनं पेटीतून काढला
बाळाच्या पावडरचा डबा
आणि तळहातावरून फुंकत फुंकत
सगळीकडे मारली.

सोळा टनांचं धूड,
नुकतं न्हाऊ घातलेल्या तान्ह्यासारखं
गोरंमोरं.

"पारडी नाक्यावरून फिरवून आण.
तेल लबाड रायते.
निघते वरून, हवेनं जाते मागं, टपकते भलतीकडे.
थेंब जिथं पडते
तिथं चोर नसते कधी."

परतलो तर पावडरीत एक लाइन नव्हती.
सात होत्या.
वरून, पुढून, मागून, बोल्टांच्या डोक्यांवरून,
जिथून जमलं तिथून.
मला वाटलं, झालं, आता भंगारातच.
मिस्त्री मात्र हसला.
"एक जागा असती तर पॅकिंग म्हटलं असतं.
सगळीकडून येऊन रायलं,
म्हणजे अंदर काई कोंडलं हाय."

चालू इंजिनवर त्यानं तेल भरायचं झाकण
ढिलं करून नुसतं ठेवलं.
ते टणटण उडायला लागलं,
भाताच्या गंजावरच्या ताटलीसारखं.

मग तो खाली शिरला,
ब्रीदरचा पाइप चाचपत टोकाशी गेला,
सायकलचा आरा वाकवून आत घातला, ओढला.
बाहेर आलं काळं, चिकट, वीतभर काहीतरी.
"उंदीर!" अंकुश म्हणाला.
मिस्त्रीनं ते डिझेलमध्ये खळबळून पिळलं.
काठाला खाकी दिसली.
मग एक शिवण. मग कफाचं काज.

माझाच शर्ट ओळखायला
मला जरा वेळ लागला.

देवरीचा उतार, जानेवारी.
मयुरीला रायपूरला नेत होतो, नर्सिंगच्या पेपराला.
ब्रीदरचा धूर केबिनमध्ये यायचा,
तिला दोनदा उलटी झाली,
आणि मी गाडी बाजूला घेऊन
बाही फाडून कोंबली.
आत्तापुरती.
ती पास झाली. भिलाईला लागली.
बाही तिथंच राहिली.

"कोन्या हरामखोरानं कोंबलं बे हे?"
"जुना ड्रायव्हर असेल," मी म्हणालो.
मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, हात पुसले.
"असन," म्हणाला.
दीडशे घेतले.

आज पुठ्ठा उलटा टाकला होता,
कोऱ्या बाजूनं. दोन थेंब.
जुन्या गाडीले दोन माफ, मिस्त्री म्हणतो.
मी तरी बराच वेळ वाकून होतो.
मग चहा घेतला
आणि लागत नसताना
एक सील विकत आणायला निघालो.