बंदीच्या महिन्यात नववा अल्बम

त्यांचं खरं नाव जिभेवर बसत नव्हतं, म्हणून आम्ही
‘गंजवाले’च म्हणायचो.
अस्लम फणसोपकर बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा
साबण, चॉकलेटं, आणि ही एक कॅसेट:
वेष्टनावर क्रेन, क्रेनला टांगलेली खुर्ची.
उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातली चार माणसं,
गोदीतल्या पत्र्यावर हातोडे मारून गाणारी.
भाषा कळली नाही. कळायची गरजच नव्हती.
मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात
अमोनियाचा कॉम्प्रेसर रात्रभर तेच म्हणत होता,
फक्त त्याच्याकडे गिटार नव्हती.

मी तेव्हा एकोणीस. क्रशरवर.
लादी आत ढकलायची, चुरा खाली होडीत.
दुसऱ्या अल्बमचं तिसरं गाणं क्रशरच्या ठेक्यात बसायचं,
इतकं, की पट्टा घसरला तर मला वाटायचं
ड्रमवाला चुकला.
बावा आंब्रे ओरडायचा,
“मेल्या, ह्यां गानां हाय, का बेरिंग ग्येलांय?”
मी म्हणायचो, दोन्ही.

मग ते बदलले.
चौथ्यात बाईचा आवाज आला. सहन केलं.
पाचव्यात गायकानं ओरडणं सोडलं.
सहाव्याच्या आधी हातोडेवाला सोडून गेला, की वारला,
अस्लमलाही नक्की ठाऊक नव्हतं.
सातव्याची सीडी मी मुंबईहून मागवली, एकदा ऐकली,
आणि सुकत घातलेल्या बांगड्यांवर दोरीला बांधून टांगली.
कावळे घाबरले नाहीत.
पहिला अल्बम असता तर घाबरले असते.

चिडलो होतो. एखाद्यानं होडी विकून
धक्क्यावर आइस्क्रीमची गाडी लावावी, तसं वाटलं.
पण मीही क्रशरवरून उठून ऑफिसात बसलो होतो,
लाद्यांचा हिशेब, फिरणारी खुर्ची.
हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

नववा आला तो जूनमध्ये.
मासेमारी बंद. होड्या झावळ्यांनी शाकारलेल्या,
कॉम्प्रेसर खोलून ठेवलेला, त्याचे भाग
वंगणात भिजत, पोत्यावर ओळीनं.
भाची निशिगंधा चिपळूणहून आली होती, तिच्या फोनवर लावला.
एकवीस मिनिटांचं एकच गाणं.
आधी एक हुंकार, जेट्टीला घासणाऱ्या टायरसारखा,
आणि मग काही नाही.
चार मिनिटं काही नाही.
मी म्हटलं, बघ, रिकामी पोती विकतात.
म्हातारे झाले. संपले.

“मामा, वाजतंय की.”
काय वाजतंय?
“बारीक. काचेवर नख ओढल्यासारखं. नाही, घंटा आहेत.
लांब कुठेतरी, खूप. आता एक कमी झाली.”

मी आवाज वाढवला. हुंकार वाढला,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.
घंटा नाही.

सिव्हिलमध्ये कानाच्या डॉक्टरनं कागद दाखवला:
रेघ बरी चालत येते, आणि मग एकदम
धक्का संपल्यासारखी खाली, पुढे पाणी.
“यंत्रावर किती वर्षं होता?”
मी वर्षं सांगितली. गाण्यांचं काही बोललो नाही.

म्हणजे पाचव्यातही काही असेल.
सहाव्यातही, हातोडा नसलेल्या जागी.
सातवा मात्र वाईटच आहे, निशीही तेच म्हणते.

तिला म्हटलं, पुन्हा लाव. घंटा वाजली की बोट वर कर.
ती पायरीवर बसली, मांडीवर फणसाच्या आठळ्या.
बोट वर. खाली.
बराच वेळ खाली, सोलणं चालू. वर.
मी तिच्या बोटाकडे बघत ऐकत होतो,
कधी नव्हे ते ठेका न धरता.
सोळाव्या मिनिटाला बोट वर गेलं
आणि अर्धी सोललेली आठळी तिच्या हातात तशीच राहिली.
मी विचारलं, काय झालं?
“थांब ना, मामा,” ती म्हणाली.