उचललेलं पाऊल

गुरुवारी संध्याकाळी, संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर,
न्वार्द येते येरेवानहून, दोन तास बसचे धक्के खाऊन.
खाली कुणाचं तरी पोर दर आठवड्याला तोच स्वर चुकतं.
वर आम्ही दोघी, एक घोंगडी,
आणि घसा खाकरणारा रेडिएटर.

पहिल्या दिवशी मी तयारीनं गेले होते.
गोष्ट पाठ होती,
सांगून सांगून गुळगुळीत झालेली, नदीतल्या गोट्यासारखी:
चौथीचा वर्ग, डिसेंबर, गणिताचा तास,
अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं.
पत्रकारांना सांगितली, फ्रान्सहून आलेल्या बाईंना सांगितली,
लेकाला सांगितली; तो जेवता जेवता ऐकायचा.
न्वार्द म्हणाली, ते राहू दे, झारुही.
टाचा कुठे आहेत ते सांग.

मला हसू आलं. मग खाली पाहिलं.
टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या.
छत्तीस वर्षं मी चवड्यांवर उभी,
आणि मला वाटायचं, मी उंच आहे.

बेकरीत मी कणीक मळते, लाटते, हवेत फिरवून पसरते.
तोनिरमध्ये वाकत नाही.
जमिनीत पुरलेलं छातीएवढं रांजण ते, तळाशी निखारे;
भिंतीला लवाश थापायचा तर
कमरेपर्यंत आत जावं लागतं, डोकं खाली.
माझ्या वाटचं गोहार वाकते.
कुणी विचारत नाही. ग्युम्रीत प्रत्येकाचं असं काहीतरी
दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं.
मार्तिन लिफ्टमध्ये चढत नाही,
त्याची आई पाचव्या मजल्यावरून दोरीनं टोपली सोडते.

जीव मुठीत धरून, असं म्हणतात.
माझ्या मुठीत खडू होता.
एकोणीस तासांनी मला काढलं तेव्हा
त्याचा लगदा झाला होता, बोटं उघडेनात.
हे मी सांगत आले.
हे मात्र कधीच सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं:
फळ्यापासून दारापर्यंत पाच पावलं होती.
तीन टाकून झाली होती.
चौथं उचललेलं होतं.

सातव्या गुरुवारी मी घोंगडीवर पडले होते, कुशीवर,
पाठीवर मला निजता येत नाही.
उजवी पोटरी थरथरायला लागली.
मी ओरडले. पुन्हा. पुन्हा हलतंय.
न्वार्दनं माझ्या तळव्याखाली हात धरला,
दाबला नाही, नुसता धरला.
जमीन नाही हलत, ती म्हणाली. तू हलते आहेस.
हलू दे.

मग पाय निघाला.
मी काढला नाही, त्याचा तोच निघाला,
गोगलगाय निघते तसा,
गुडघा, पोटरी, घोटा, आणि तिच्या हातावर जोर.
केवढा जोर! दहा वर्षांच्या पोरीचा सगळा.
समोर दार नव्हतं, रेडिएटर होता.
तरी मी बाहेर आले.
टाच टेकली.

नंतर जांभया आल्या, एकीमागून एक,
जबडा निखळेल अशा.
खाली त्या पोरानं स्वर चुकवला.
भूक लागली. न्वार्दच्या पिशवीतलं सफरचंद
मी न विचारता खाल्लं, बियांसकट.

चमत्कार वगैरे काही नाही.
बूट अजून उशाशी असतात, नाड्या सैल सोडलेल्या.
ट्रक गेला की खिडकीआधी मी वाजते.
काल तोनिरपाशी गेले.
आत पाहिलं. ऊब तोंडावर आली,
निखाऱ्यांची, आणि जुन्या मातीची.
गोहार पीठ पसरलेली उशी हातात घेऊन थांबली होती,
देऊ की नको, अशी.
अजून नाही, म्हटलं.

मागे सरले तेव्हा फरशीवर सांडलेल्या पिठात
माझं पाऊल उमटलेलं दिसलं, आख्खं,
मागचा गोल भागसुद्धा.
बघत राहिले असते,
पण गोहारनं पाय बाजूला घ्यायला सांगितलं
आणि झाडून टाकलं.